बागा गेल्या, नावे उरली : बुधवार पेठेचा इतिहास

बुधवार पेठ पुण्याच्या जुन्या गावठाणाच्या मध्यावर आहे. उत्तरेला शनिवारवाडा आणि कसबा, पूर्वेला रविवार, दक्षिणेला शुक्रवार, पश्चिमेला शनिवार आणि सदाशिव अशा पेठांनी ती वेढलेली आहे. शिवाजी रस्ता तिच्या पोटातून जातो, बाजीराव रस्ता पश्चिमेच्या अंगाने, आणि लक्ष्मी रस्ता या दोन्ही रस्त्यांना आडवा छेदतो. पायी निघाले तर सकाळच्या प्रहरात सगळी पेठ पाहून होते. मात्र तिचा इतिहास इमारतींपेक्षा नावांत अधिक शिल्लक आहे. बेलबागेत बाग नाही, तुळशीबागेत तुळशीचे बन नाही, फरासखान्यात तंबू नाहीत, पासोड्या विठोबापुढे पासोड्यांचा बाजार नाही, अप्पा बळवंत चौकात अप्पा बळवंतांचा वाडा नाही आणि बुधवार चौकाला लागून बुधवारवाडाही नाही. तरीही रिक्षावाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे याच नावांवर पत्ता शोधतात. या प्रत्येक नावामागे पेठेच्या इतिहासाचा एकेक थर आहे.

मुहियाबाद ते बुधवार

शिवकाळातले पुणे म्हणजे मुख्यतः कसबा. त्याच्या आसपास हळूहळू ज्या वस्त्या उभ्या राहिल्या, त्यांना पेठा म्हणू लागले. अशी वस्ती वसवण्याची रीत ठरलेली होती. सत्ताधारी एखाद्या शेट्याला किंवा महाजनाला कौल देई. बाहेरून येऊन दुकान मांडणाऱ्या व्यापाऱ्याला काही वर्षे करात सूट मिळे आणि वस्ती स्थिरावली की मग नेहमीची पट्टी सुरू होई. घरे आधी आणि बाजार नंतर असे सहसा होत नसे. पेठ हा शब्दच मुळात बाजाराचा आहे.

बुधवार पेठेचे जुने नाव मुहियाबाद. १७०३ मध्ये सिंहगड घेतल्यानंतर औरंगजेबाची छावणी काही महिने पुण्यात होती. त्या मुक्कामात त्याचा नातू, कामबक्षाचा मुलगा मुहि-उल-मिलत, मरण पावला आणि त्याच्या नावावरून मुहियाबाद हे नाव रूढ झाले. आजच्या बुधवार पेठेची वस्ती याच नावाने ओळखली जाई. पेशवाईत पुण्याच्या पेठांना वारांची नावे मिळाली, तेव्हा मुहियाबादची बुधवार झाली. शेजारच्या पेठांचीही जुनी नावे अशीच मागे पडली. मुर्तजाबादची शनिवार झाली, मलकापूरची रविवार.

पेठेतले एक ठिकाण या सगळ्या नावांहून जुने आहे. तांबडी जोगेश्वरी ही पुण्याची ग्रामदेवता. कसबा हेच गाव होते तेव्हा तिचे ठाणे गावाच्या बाहेर होते. शहर वाढले, पेठा वसल्या आणि वेशीबाहेरची देवी भर वस्तीत आली. काळी आणि पिवळी जोगेश्वरीही पुण्यात आहेत, पण ग्रामदेवतेचा मान तांबडीचा. पुण्यातली कित्येक घरे लग्नाची पहिली अक्षत आजही कसबा गणपतीला आणि जोगेश्वरीला देऊन मगच आप्तांकडे जातात.

दोन बागा, दोन देवळे

नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून बांधीव भुयारी नळाने पाणी शहरात आणले गेले. नळाच्या वाटेवर हवा सुटण्यासाठी उसासे बांधले, पेठांत हौद बांधले. घरोघरच्या आडांवर भागवणाऱ्या गावाला वाहते पाणी मिळाले. शहराच्या मध्यभागी वाडे, देवळे आणि बागा दाटीने उभ्या राहिल्या, त्यात या पाण्याचा मोठा वाटा होता.

तुळशीबाग ही मूळची सरदार खासगीवाल्यांची एकरभर जागा, पूजेसाठी तुळस लावलेली. नारो आप्पाजी खिरे नावाचा मुलगा साताऱ्याकडच्या पाडळी गावातून पुण्यात आला आणि खासगीवाल्यांच्या पदरी राहिला. रोज पहाटे या बागेतून देवपूजेची तुळस आणणे हे त्याचे काम होते, असे सांगतात. हाच मुलगा पुढे पुणे प्रांताचा सरसुभेदार झाला आणि तुळशीबागवाले हेच त्याच्या घराण्याचे आडनाव झाले. १७६१ मध्ये त्याने त्या बागेत राममंदिराचे काम सुरू केले. ते साल पानिपतच्या पराभवाचे. दोनच वर्षांनी, १७६३ मध्ये, निजामाच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले. लोक चीजवस्त घेऊन सिंहगडाकडे पळाले. असल्या दिवसांत सुरू झालेले देवळाचे काम रेंगाळत रेंगाळत १७९५ मध्ये पुरे झाले. उंच शिखर, लाकडी खांबांचा सभामंडप, दारावरचा नगारखाना आणि भोवती ओवऱ्या अशी त्याची मांडणी आहे.

तुळशीबागेपासून हाकेच्या अंतरावर नाना फडणविसांनी १७६५ ते १७६९ या काळात बेलबागेत लक्ष्मीनारायणाचे देऊळ बांधले. बेल शंकराचा आणि देऊळ विष्णूचे, ही गंमत पुणेकरांच्या सवयीची झाली आहे. दोन्ही देवळे रस्त्यावरून सहज दिसत नाहीत. दुकानांच्या रांगेतल्या दरवाजातून आत गेले की एकदम मोकळे आवार लागते. बाहेर फेरीवाल्यांचा आरडाओरडा आणि आत दोन-चार म्हातारी माणसे जप करीत बसलेली, हा फरक पाच पावलांत जाणवतो. पेशवाईतले पुणे बाहेरून बंद आणि आतून मोकळे असे. वाड्यांची रचना तशीच होती आणि देवळांचीही.

सरदारांचे वाडे आणि सरकारचे कारखाने

शनिवारवाडा जवळ असल्यामुळे दरबारी माणसांना बुधवार पेठ सोयीची होती. नाना फडणविसांनी शनिवारवाड्याच्या दक्षिणेला १७८० च्या सुमारास स्वतःचा वाडा बांधला. कोरीव सुरूदार खांबांचा हा नानावाडा आजही उभा आहे. पुढे न्यू इंग्लिश स्कूलचे वर्ग तेथे भरत.

पश्चिमेच्या बाजूला मेहेंदळ्यांचे ठाणे होते. बळवंतराव मेहेंदळे १७६० च्या डिसेंबरमध्ये, पानिपतच्या मुख्य लढाईच्या काही आठवडे आधी झालेल्या चकमकीत पडले. त्यांचे चिरंजीव अप्पा बळवंत पेशव्यांच्या दरबारातले वजनदार सरदार झाले. त्यांचा वाडा जेथे होता, त्या जागेला अप्पा बळवंत चौक हे नाव पडले. पुण्याच्या शाळकरी मुलांना हा चौक ठाऊक असतो तो पुस्तकांमुळे. सरदाराचे नाव त्यांच्या तोंडी असते, पण तो कोण होता हे बहुतेकांना सांगता येत नाही.

पेशव्यांच्या सरकारी खात्यांना कारखाने म्हणत. पिलखान्यात हत्ती, जामदारखान्यात वस्त्रे आणि जवाहीर, मुदपाकखान्यात स्वयंपाक. तंबू, राहुट्या, कनाती, जाजमे आणि गालिचे ठेवण्याचे खाते म्हणजे फरासखाना. स्वारी निघाली की छावणीचे अर्धे शहर याच खात्यातून उंटांवर आणि बैलांवर लादले जाई. आज त्या जागी फरासखाना पोलीस ठाणे आहे. पेशवाईत कोतवालाची चावडीही याच भागात होती. शहराची राखण करणारे खाते नाव बदलून साधारण त्याच टापूत राहिले आहे.

पासोड्या विठोबा हे नाव मात्र बाजारातून आले. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाड, दुहेरी सुती पांघरूण. या देवळापुढे पासोड्या विकणारे बसत, म्हणून विठोबाला ते नाव चिकटले. पुण्यात देवांना अशी नावे पुष्कळ आहेत, शेजारचा जिलब्या मारुती त्याच जातीचा. देवाच्या नावावरून बाजाराची वर्दी लागते ती अशी.

बुधवारवाडा आणि १८७९ ची आग

दुसऱ्या बाजीरावाला शनिवारवाड्यात राहणे फारसे रुचत नसे. त्याने शुक्रवार, बुधवार आणि विश्रामबाग असे नवे वाडे बांधले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हे वाडे इंग्रज सरकारच्या ताब्यात गेले. धनी नसलेल्या वास्तूंचे काय करायचे, हा नव्या सरकारपुढचा प्रश्न होता. बुधवारवाड्यात सरकारी कचेऱ्या, न्यायालय आणि शालेय पुस्तकांचे सरकारी भांडार आले.

९ फेब्रुवारी १८४८ रोजी याच वाड्यात पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी सुरू झाली. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख तिच्या स्थापनेत पुढे होते. आजचे पुणे नगर वाचन मंदिर म्हणजे तीच संस्था. पेशव्यांच्या दिवाणखान्यात जेथे खासगीतल्या माणसांखेरीज कोणाला पाऊल ठेवता येत नसे, तेथे वर्गणी भरणारा कोणीही बसून वर्तमानपत्र वाचू लागला.

१३ मे १८७९ च्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा या दोन्हींना आग लागली. बुधवारवाडा जवळजवळ संपूर्ण जळाला, विश्रामबागेचा काही भाग वाचला. तो काळ वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचा होता, त्यामुळे संशयाची सुई त्यांच्याकडे वळली. तपासाअंती मात्र या आगीबद्दल सरकारी पुस्तक भांडारातल्याच एका नोकराला शिक्षा झाली. वाडे जळणे पुण्याला नवे नव्हते. शुक्रवारवाडा १८२० मध्ये जळाला होता, शनिवारवाडा १८२८ मध्ये. जोते घडीव दगडाचे, पण वरचे मजले सागवानी तुळया, फळ्या, विटा आणि माती यांचे. एकदा ज्वाळा माडीवर चढल्या की खाली दगडी चौथरा तेवढा उरे.

येथे इटलीतल्या फ्लॉरेन्सशी तुलना उपयोगी पडते. तेथल्या पोंते वेक्किओ या दगडी पुलावर पूर्वी खाटकांची दुकाने होती. १५९३ मध्ये तिथल्या ग्रँड ड्यूकच्या हुकुमाने खाटीक हलवले गेले आणि सोनार आले. पूल उभा आहे आणि सोनारांची दुकानेही आजवर तेथेच आहेत. फ्लॉरेन्सला गेलेला प्रवासी वास्तू पाहून इतिहास ओळखतो. बुधवार पेठेत बहुतेक वास्तू लाकडाच्या होत्या, त्या जळाल्या किंवा पाडल्या गेल्या. येथे येणाऱ्याला चौकांची आणि आळ्यांची नावे विचारीत इतिहास शोधावा लागतो.

भिडेवाडा आणि बाहुलीचा हौद

लायब्ररी सुरू झाली त्याच १८४८ साली, त्याच पेठेत, तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. मुलींसाठी भारतीयांनी काढलेल्या अगदी पहिल्या शाळांपैकी ही एक. शिकवायला सावित्रीबाई स्वतः जात. वाटेत अंगावर चिखल आणि शेण फेकले जाई, म्हणून त्या जादा लुगडे जवळ ठेवीत. ३ जुलै १८५१ रोजी फुल्यांनी बुधवार पेठेतच अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात आणखी एक शाळा उघडली. पहिल्या दिवशी आठ मुली आल्या, थोड्याच दिवसांत त्यांची संख्या अठ्ठेचाळीस झाली. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी सरकारने जोतीरावांचा विश्रामबागवाड्यात जाहीर सत्कार केला आणि मेजर कँडी यांच्या हस्ते त्यांना शालजोडी दिली.

या शाळांना जागा देणारे भिडे आणि चिपळूणकर ब्राह्मण होते, आणि शाळांना विरोध करणाऱ्यांतही ब्राह्मणच पुढे होते. एकाच पेठेत, एकाच ज्ञातीत, एका वाड्याचे दार उघडले आणि शेजारच्याने शिव्या दिल्या. बुधवार पेठेतल्या सुधारणेचा इतिहास हा असा शेजाऱ्या-शेजाऱ्यांतल्या झगड्याचा आहे.

पुढच्या पिढीतले एक स्मारक याच झगड्याशी जोडलेले आहे. सत्यशोधक समाजाचे डॉ. विश्राम रामजी घोले यांची मुलगी काशीबाई लहानपणीच वारली. बाहुली हे तिचे लाडके नाव. तिच्या स्मरणार्थ डॉक्टरांनी फरासखान्याजवळ हौद बांधला आणि तो सर्व जातींना खुला ठेवला. पाणवठ्यावरून माणसाची पायरी ठरवली जाण्याच्या त्या काळात भर पेठेत असा हौद बांधणे हे मोठे धाडस होते. हौदावर त्या मुलीचा पुतळा होता, म्हणून लोक त्याला बाहुलीचा हौद म्हणू लागले.

सार्वजनिक गणपती

१८९२-९३ च्या सुमारास गणेशोत्सव घरातून आणि वाड्यातून बाहेर रस्त्यावर आला. त्यात बुधवार पेठेतली आणि तिच्या कडेची माणसे पुढे होती. दगडूशेठ हलवाई हे मिठाईचे व्यापारी. त्यांनी १८९३ मध्ये गणपती बसवला. कोतवाल चावडी आणि बाहुलीचा हौद यांच्या परिसरातला हा उत्सव हलवायाच्या नावानेच प्रसिद्ध झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी १८९८ मध्ये जवळच दत्तमंदिर उभारले. भाऊसाहेब रंगारी यांच्या गणपतीचे कार्यकर्ते आपला उत्सव १८९२ चा असल्याचे सांगतात. सार्वजनिक गणेशोत्सवाचा पहिला मान कोणाचा, हा वाद पुण्यात अजून मिटलेला नाही.

मानाच्या पाच गणपतींपैकी दुसरा तांबडी जोगेश्वरीचा आणि चौथा तुळशीबागेचा. विसर्जनाच्या दिवशी मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघालेली मिरवणूक बेलबाग चौकात येते आणि तेथून लक्ष्मी रस्त्याला लागते. एरवी नुसता वळणाचा वाटणारा हा चौक त्या दिवशी शहराचा मध्यबिंदू होतो. कोणते मंडळ चौकात किती वाजता पोहोचले, यावर मिरवणुकीची वेळ मोजली जाते.

बाजार

वाडे मोडत गेले तशी त्यांच्या तळमजल्यांवर दुकाने आली. तुळशीबागेच्या आवाराभोवती पूर्वी पूजेचे साहित्य, हळदकुंकू, पितळी मूर्ती आणि तांब्या-पितळेची भांडी मिळत. पुढे त्यांत बांगड्या, नथी, खोटे दागिने, पर्सा आणि कपडे यांची भर पडली. जुन्यातली भातुकली मात्र टिकून आहे. पितळेचा बोटभर स्टोव्ह, झारा, पोळपाट-लाटणे, जाते, पाण्याचा बंब, सगळे तळहातावर मावणारे. ज्यांच्या घरात खरा बंब आणि जाते कोणी पाहिलेले नाही अशा मुलींना आज्या त्या वस्तू ओळखायला येथेच शिकवतात.

अप्पा बळवंत चौकात पुस्तकांचा बाजार आहे. आसपासच्या शाळा हे त्याचे पहिले गिऱ्हाईक. जून महिन्यात या बाजाराचे खरे रूप दिसते. पालक शाळेने दिलेली यादी काउंटरवर ठेवतो. काउंटरवरचा माणूस तिच्याकडे एकदा बघतो आणि माळ्याकडे तोंड करून नावे ओरडतो. वरून पुस्तकांचे गठ्ठे खाली येतात. दोन मिनिटांत इयत्तेचा अख्खा संच सुतळीने बांधून पुढ्यात पडतो. वह्या डझनावर, कव्हरे वेगळी, जुनी पुस्तके घ्यायची असतील तर पलीकडची दुकाने. बाकीचे अकरा महिने स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके आणि महाविद्यालयीन पुस्तके हा बाजार चालवतात. याच चौकाजवळ सरदार किब्यांच्या जागेत १९३४ मध्ये प्रभात चित्रपटगृह सुरू झाले आणि मराठी चित्रपटाचे हक्काचे घर बनले.

तपकीर गल्लीत नावाप्रमाणे आता तपकीर शोधण्यात अर्थ नाही. तेथे विजेचे सामान मिळते. वायरची बंडले, होल्डर, दिव्यांच्या माळा आणि पंखे. पासोड्या विठोबाच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे सुटे भाग मिळतात आणि दुरुस्त्याही होतात. कंपनीने टाकाऊ ठरवलेला रेडिओ किंवा अॅम्प्लिफायर चालू करून देणारा माणूस शोधत लोक लांबून येतात.

पेठेतली दुसरी वस्ती

बुधवार पेठेच्या काही गल्ल्यांत देहविक्री करणाऱ्या स्त्रियांची मोठी वस्ती आहे. देशातल्या मोठ्या वस्त्यांत तिची गणना होते. महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक, बंगाल आणि नेपाळ येथून आलेल्या स्त्रिया तेथे राहतात. दारिद्र्य, फसवणूक आणि देवाला मुली सोडण्याची जुनी चाल ही त्यांच्या येण्याची नेहमीची कारणे. १९५६ च्या कायद्याने कुंटणखाना चालवणे आणि माणसांचा व्यापार हे गुन्हे ठरले, पण वस्ती हटली नाही. एड्सचा फैलाव झाल्यावर आरोग्याचे काम करणाऱ्या संस्था येथे आल्या. त्यापाठोपाठ मुलांसाठी रात्रनिवारे आणि पाळणाघरे सुरू झाली. पुढे या स्त्रियांनी स्वतःच्या संघटनाही उभ्या केल्या.

या वस्तीचा परिणाम पेठेच्या नावावर झाला. पुण्याबाहेर बुधवार पेठ म्हटले की ऐकणारा हसतो किंवा विषय बदलतो. म्हणून तेथले दुकानदार आणि रहिवासी पत्ता सांगताना पेठ गाळतात. दगडूशेठजवळ, सिटी पोस्टामागे, अप्पा बळवंतला, असे म्हणतात. पेठेतली लहानसहान नावे लोकांनी दोन-अडीचशे वर्षे जपली, आणि खुद्द पेठेचे नाव तेवढे उच्चारायला ते कचरतात.

आजची पेठ

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर वाड्यांची भाडी गोठली. मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला जागा सोडणे परवडेना. छपरे गळू लागली, भिंतींना टेकू लागले आणि अखेर बहुतेक वाडे विकसकांकडे गेले. भिडेवाड्याचा खटला वर्षानुवर्षे चालला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरूंची मागणी फेटाळली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मोडकळीला आलेला तो वाडा पाडण्यात आला. त्या जागी सावित्रीबाईंच्या शाळेचे राष्ट्रीय स्मारक व्हायचे आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी मार्ग सुरू झाला आणि जुन्या पेठांच्या पोटातून गाडी धावू लागली. या मार्गावरच्या एका स्थानकाला आराखड्यात बुधवार पेठ असे नाव होते. प्रत्यक्षात ते कसबा पेठ या नावाने सुरू झाले.